मेणबत्ती कोणी धरायची

११ नोव्हेंबर १४५८, संत मार्टिनचा दिवस. तूर शहर, फ्रान्स.

भाजलेला हंस, नवी वाइन. मामीच्या मते मी कमी खाल्लं. मी पुरेसं खाते.

जेवण उरकल्यावर मामांनी नवं काम सांगितलं. काउंटेसला नव्या वर्षाची भेट म्हणून द्यायला प्रेमकथेचं पुस्तक हवं आहे. एक तरुण सरदार, एक दुसऱ्याची बायको, भिंत घातलेली बाग, सात वर्षांचे उसासे. आमच्या चित्रशाळेतून असं पुस्तक दर हिवाळ्यात बाहेर पडतं. उसासे लेखनिक लिहितो, चेहरे बर्त्राँ रंगवतो आणि सोन्याचा वर्ख मी लावते.

बाराव्या वर्षापासून वर्ख लावते आहे, म्हणून अधिकाराने लिहिते: सोनं म्हणजे उजेड नव्हे. सोनं तुमच्याच खोलीतला उजेड तुम्हाला परत देतं, आणि लोक चित्रकाराची वाहवा करतात. या पुस्तकात एक पान रात्रीचं आहे. बाईची खोली, आत शिरलेला सरदार, एक मेणबत्ती. ते पान मी करणार असं जाहीर केलं. चेहऱ्यांसकट. सोन्याचा कणही न वापरता.

मामांनी हातातलं हाडूक खाली ठेवलं आणि अट घातली. काउंटेसने पान मान्य केलं तर खिडकीजवळचा बाक माझा, म्हणजे यापुढे मी चित्रकार. नाही केलं तर जन्मभर वर्ख, आणि हा विषय या घरात पुन्हा काढायचा नाही. मामांची नजर उतरत चालली आहे, तो बाक रिकामा होणारच आहे. अट मला रास्त वाटली.

संकल्प: उजेड एकाच जागेहून येईल. सावल्या नियमाने पडतील. भावनांना थारा नाही. पुस्तक प्रेमाचं असेल, पान उजेडाचं आहे.

१३ नोव्हेंबर

जुने नमुने काढून पाहिले. रात्र म्हणजे वर निळं आकाश आणि चांदण्या, खाली माणसं भर दुपारची. एका चित्रात प्रियकराला सावलीच नाही, दुसऱ्यात दोन आहेत. प्रेयसीचा चेहरा तर स्वतःच पेटलेला. घरात एवढं तेज असताना सरदार बागेत ठेचकाळतो का, ते लेखनिकाला विचारायला हवं.

माझे वडील औषधं विकत. सात वर्षं न जेवणाऱ्या, न झोपणाऱ्या, बाईचा हातमोजा उशाशी ठेवणाऱ्या माणसाला त्यांनी पोट साफ करणारा सोनामुखीचा काढा दिला असता. चौथ्या पानावर गोष्ट संपली असती.

हे बर्त्राँला सांगितलं. तो हसला. तो बूर्ज शहरातून आलेला. चेहरे बरे काढतो, उजेडातलं त्याला ओ की ठो कळत नाही. हसताना त्याच्या उजव्या गालाला खळी पडते, आणि खिडकी डावीकडे असली की ती जास्त खोल दिसते. हे केवळ निरीक्षण.

१६ नोव्हेंबर

प्रयोग. एका खोक्यात मेणाच्या दोन बाहुल्या ठेवल्या, मधोमध मेणबत्ती. सावल्यांच्या नोंदी घेत असताना मामीने हाक मारली. परत आले तेव्हा प्रियकर कमरेपर्यंत वितळला होता आणि प्रेयसी त्याच्यावर कलली होती. मामा म्हणाले, गोष्टीत असंच तर आहे.

बाहुल्या चालणार नाहीत. माणसं लागतील.

१८ नोव्हेंबर

सरदार म्हणून बर्त्राँ ठरला. कारण त्याचं नाक. सरळ आहे, त्याची सावली स्वच्छ पडते. दुसरं कारण नाही.

बाई कोण, यावर मामीचं म्हणणं पडलं की तूच बस. मी समजावून सांगितलं की जो बघतो त्याला बसता येत नाही. मामी म्हणाली, बघत बसण्यातच तुझं वय चाललंय. मामीला चित्रकलेतलं समजत नाही.

मी पेर्नेलला विचारलं. तिचे वडील आम्हाला चर्मपत्रं पुरवतात, ती कातडी घेऊन येत असते. चेहरा रुंद आणि सपाट, उजेड मोजायला उत्तम. ती म्हणाली, नुसतं बसायचं ना? मी म्हटलं, नुसतं. तेवढंच तिला जमेल असंही वाटलं, ते बोलले नाही.

मेणबत्तीच्या उजेडात काम करायला चित्रकारांच्या संघाची मनाई आहे. अशा उजेडात केलेलं काम वाईट होतं म्हणून. मी काम करणार नाही, फक्त बघणार. रंगवीन दुसऱ्या दिवशी, खिडकीशी. तेव्हा भरदुपारी कोठाराच्या खिडक्यांना घोंगड्या बांधायच्या आणि आत अंधार करायचा. नियम जिथल्या तिथे.

२२ नोव्हेंबर

पहिली बैठक. मेणबत्ती तिवईवर ठेवली तर उजेड खालून येतो आणि पेर्नेलला दाढी फुटल्यासारखी दिसते. भिंतीवर लावली तर दोघांचे डोळे खाचेत जातात. योग्य उंची फक्त हाताची. म्हणून मेणबत्ती मी धरली.

प्रेमकथेच्या पोथीत लिहिल्याप्रमाणे एकमेकांच्या डोळ्यांत बघायला सांगितलं. पेर्नेल हसत सुटली. मी सांगितलं, हसल्याने सावली हलते. मग तो हसला. एकूण उपयोग शून्य. दोघांना शिस्त लावावी लागेल.

२५ नोव्हेंबर, संत कातरीन

अविवाहित मुलींचा दिवस. मामी म्हणाली, "त्या कोठारात रोज मेणबत्ती धरतेस, आज एक कातरीनबाईपुढेही धर. तिच्याकडून निदान नवरा तरी मिळतो."

गेले. चर्चमध्ये उजेड सगळीकडून येतो. अभ्यासाला निरुपयोगी.

२९ नोव्हेंबर

उत्तम प्रगती. दोघं आता हसत नाहीत. सांगावं न लागता तासभर स्थिर बसतात, नजर ढळत नाही. मी "पुरे" म्हटलं तेही त्यांना ऐकू आलं नाही, दुसऱ्यांदा म्हणावं लागलं. माझ्या शिस्तीचा परिणाम.

नोंद: पेर्नेलच्या गालांवर लाली येते, ती मेणबत्तीची नव्हे. मेणबत्ती जवळ नेली, दूर नेली, लाली तेवढीच राहिली. कारण समजलं नाही. गालाच्या रंगात तांबडा हिंगूळ थोडा वाढवावा लागेल.

माझ्या हातावर मेण सांडलं. मी हात हलवला नाही, कारण हलवला असता तर बर्त्राँच्या नाकाची सावली सरकली असती. त्याने ते पाहिलं नाही. एकाग्रता वाखाणण्यासारखी.

२ डिसेंबर

आज दोघं माझ्या आधी आले आणि मेणबत्ती न लावताच कोठारात बसले होते. मी दार उघडलं तेव्हा बर्त्राँ म्हणाला, डोळ्यांना अंधाराची सवय करून घेत होतो. हे अगदी बरोबर आहे. डोळ्यांना सवय लागतेच. एवढ्या दिवसांनी त्याला शास्त्रात रस वाटू लागला, समाधान वाटलं.

पेर्नेलच्या केसांना कोठारातलं गवत लागलं होतं. काढायला सांगितलं. त्याची सावली पडते.

३ डिसेंबर

मामीने विचारलं की आत नक्की काय चालतं. मी सविस्तर सांगितलं: उजेड कुठून येतो, कुठे संपतो. तिने ऐकून घेतलं आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. कारण कळलं नाही. ताप नव्हता.

६ डिसेंबर, संत निकोला

रंगवायला सुरुवात. पडदा, पलंग, मागची भिंत झाली. भिंतीवरचा उजेड कसा उतरत जातो ते मामांनी पाहिलं. पान डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, पुन्हा जवळ नेलं.

खिडकीजवळच्या बाकावर आज थोडा वेळ बसून पाहिलं. तिथून बर्त्राँची जागा समोर येते. बाक मिळाला की त्याची जागा बदलावी लागेल. लक्ष विचलित होणं योग्य नाही.

९ डिसेंबर

अपघात. सरदाराचा गाल काळवंडला.

पिवळ्या हरताळात शिशाचा सफेदा मिसळला की रंग करडा होतो. हे मला माझ्या वडिलांनी शिकवलं, मी या घरातल्या प्रत्येकाला शिकवलं आणि त्यावरून दोन शिकाऊ पोरांना रडवलंही आहे. तरी मिसळला गेला. कारण बर्त्राँ शीळ घालत होता. तो पूर्वी शीळ घालत नसे. माणसाला एकाएकी शीळ का घालावीशी वाटते?

गाल खरवडून पुन्हा केला. सरदार आता तीन दिवस आजारी असून बरा झाल्यासारखा दिसतो. पोथीप्रमाणे त्याने तसंच दिसायला हवं. म्हणजे चूक नाहीच.

१० डिसेंबर

एक अडचण. चित्रात मेणबत्ती आहे, पण ती धरलेली नाही. पोथीत याबद्दल एक शब्दही नाही. सात वर्षांच्या उसाशांचा हिशेब ठेवणाऱ्या कवीला मेणबत्ती कोणी धरली हे सुचलं नाही. ज्योत काही हवेत तरंगत नाही.

म्हणून एक दासी घातली. डावीकडे, पडद्याजवळ. मेणबत्तीच्या सर्वांत जवळ तिचाच चेहरा, तेव्हा नेमकेपणाची खरी परीक्षा तिथेच. मामीचा आरसा घेतला आणि कोठारात एकटी बसून स्वतःचा चेहरा पाहिला. बैठकीत डोळे कुठे असायचे ते आठवलं. बर्त्राँवर असायचे, कारण अभ्यासाचा विषय तो होता. तसेच काढले. हातावर सांडलेलं मेणही काढलं. ते सांडलं होतं.

१२ डिसेंबर

दासी पूर्ण झाली. सगळ्या पानात तिला सर्वांत कमी वेळ लागला. एकदाही खरवडावं लागलं नाही.

मामांनी पाहिलं. म्हणाले, या घरातून इतका चांगला चेहरा आजवर बाहेर पडला नाही. मग विचारलं, तू बरी आहेस ना. मी म्हटलं, थंडी आहे. ते म्हणाले, हो, थंडी आहे.

चेहऱ्यांच्या कामात बर्त्राँची गरज उरली नाही हे सिद्ध झालं. तो स्वतः दोन-तीनदा पानाजवळून गेला, "झकास" म्हणाला. कशाला ते सांगितलं नाही.

१४ डिसेंबर

बर्त्राँने जेवणानंतर बाजूला बोलावलं. मला वाटलं सफेद्याबद्दल विचारायचं असेल.

"तिफेन, पेर्नेलच्या वडिलांशी तू बोलशील का? मी गेलो तर कातडं सोलतील. तुझ्यावर त्यांचा विश्वास आहे. आणि तसं पाहिलं तर जमवलंस तूच. तू आम्हाला समोरासमोर बसवलं नसतंस तर मी तिच्याकडे कधी बघितलंही नसतं."

मी म्हटलं, बोलेन. त्याने माझे दोन्ही हात धरले. एका हातावर मेणाने भाजल्याचा डाग आहे, तो त्याने दाबला. मी सांगितलं की पान बाकी आहे.

विचार केला असता योजना फायद्याची आहे. चित्रशाळेला चर्मपत्र चांगलं मिळेल.

१६ डिसेंबर

पेर्नेलच्या वडिलांकडे गेले. ते चौकटीवर ताणलेलं कातडं खरवडत होते, मान वर न करता म्हणाले, बोल.

बर्त्राँविषयी जे ठाऊक होतं ते क्रमाने सांगितलं. हात स्थिर आहे. कोणाच्या पाठीमागे वाईट बोलत नाही. थंडीत बोटं आखडली तरी कुरकुरत नाही. मामांना दिसत नाही तेव्हा त्यांच्या कुंचल्याचं टोक तो हळूच नीट करून ठेवतो आणि सांगत नाही. सकाळी आला की आधी पाणी कोणी भरलं नसेल तर भरतो. मग मला वाटलं, इतकं पुरे.

म्हातारा सुरी थांबवून माझ्याकडे बघू लागला.

"एवढा गुणी मुलगा आहे," तो म्हणाला, "तर पोरी, तू का सोडतेयस?"

मी म्हटलं, मला एक पान पूर्ण करायचं आहे.

त्याने होकार दिला. लग्न जानेवारीतल्या तीन राजांच्या सणानंतर. नाताळच्या आधीच्या आठवड्यांत चर्चमध्ये लग्नं लागत नाहीत. परत येताना नदीवरून वारा फार होता, डोळ्यांत पाणी आलं. वाऱ्याने येतं.

१९ डिसेंबर

उद्या काउंटेसकडे. पान दहादा तपासलं. चूक नाही. या देशात याहून खरा उजेड कोणी रंगवला असेल असं वाटत नाही, आणि हे मी गर्वाने लिहीत नाही.

खिडकीच्या बाकाखाली माझ्या रंग कालवायच्या शिंपल्यांसाठी जागा पाहून ठेवली.

२० डिसेंबर

जसं घडलं तसं लिहिते.

काउंटेस म्हातारी आहे, विधवा आहे, आणि हातात धरायचं भिंग वापरते. तिने पान कुत्र्याच्या पिल्लासारखं मांडीवर घेतलं. मग म्हणाली की या मेणबत्तीवर हात शेकावेसे वाटतात. मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही, पण पाहिलं असतं तर चाललं असतं.

मग तिने भिंग सरदारावर नेलं, बाईवर नेलं, आणि डावीकडे आणलं. तिथेच ठेवलं.

"हे दोघं बरे आहेत," ती म्हणाली. "लग्न होईल, पोरं होतील, जेवायला काय केलंय ते एकमेकांना विचारतील. पण या पानात प्रेम करतेय ती ही. ही मेणबत्तीवाली. अगं, बघ तरी कशी बघतेय त्याच्याकडे. हातावर मेण सांडतंय, त्याची शुद्ध नाही हिला."

मामा खोकले. मी म्हटलं की दासी उजेडाच्या सोयीसाठी आहे.

"असेल," काउंटेस म्हणाली. "पण हे पुस्तक मी भेट द्यायचं आणि घेणाऱ्याने हिचीच गोष्ट वाचत बसायची? हिच्या गोष्टीचा एक शब्द माझ्या पोथीत नाही. हिला काढून टाका. मग पान मला मान्य आहे."

मी विचारलं, "मग मेणबत्ती कोणी धरायची, बाईसाहेब?"

"ते कोण बघतं, बाळ?"

२१ डिसेंबर, सकाळ

भिंगाने आकार बिघडतात, हे सर्वश्रुत आहे. त्यात वय. दासीचे डोळे मी मोजून काढले आहेत, मोजलेल्या गोष्टीत भावना शिरायला जागाच नसते. तिच्या जागी कोणीही असती तरी उजेडात असंच दिसलं असतं. मामी दिसली असती. मामी असं दिसेल का? उजेड पुरेसा असला तर दिसेल.

ठरवलं: दासी काढणार नाही. काउंटेसला भेटून सगळं मुद्देसूद समजावून देईन. बाक गेला तरी बेहत्तर.

२१ डिसेंबर, दुपार

मामांना निर्णय सांगितला. ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "काउंटेसला समजावायला जाशील, तिफेन, पण नेमकं काय समजावशील?"

मुद्दे मांडायला बसले. पहिला मुद्दा: ती त्याच्याकडे बघत नाही. दुसरा सुचला नाही. पहिलाही खोडला.

२२ डिसेंबर

खरवडलं.

वाटलं होतं दिवस लागेल. रंग पातळ लागला होता, सुरी सहज फिरली. हात आधी गेला, मग चेहरा. डोळे सर्वांत शेवटी, ते जरा खोल बसले होते. त्या जागी पडदा वाढवला. मेणबत्ती तशीच ठेवली. आता ती कोणी धरलेली नाही आणि भिंतीवरचा उजेड मात्र अगदी बरोबर पडतो.

काउंटेसच्या माणसाने पान पाहिलं, मान डोलावली, घेऊन जायला संध्याकाळी येतो म्हणाला. मामांनी माझ्या शिंपल्या आणि रंगाच्या वाट्या स्वतःच्या हाताने उचलून खिडकीजवळच्या बाकावर ठेवल्या. मामीने सगळ्यांना वाइन दिली. मी आता चित्रकार आहे. बाकावर उजेड उत्तम येतो.

बर्त्राँ शेवटचं पाहायला आला. हे पान तो दोन आठवडे रोज बघत होता. आज प्रथमच त्याने ते हातात घेतलं, नीट पाहिलं, पेर्नेलचा चेहरा बघून खूश झाला. मग पडद्यावर त्याचं बोट अडलं.

"इथे काही होतं का गं आधी?"

मी म्हटलं, नाही.

"मग खरखरीत का लागतंय?"

चर्मपत्रच तसं आलं आहे, असं सांगितलं. तुझ्या होणाऱ्या सासऱ्याकडचा माल.